घरात राहणारी माणसं तीन

"टूथब्रश!" आईने न्हाणीघरातून हाक मारली. "यास्नाचा टूथब्रश इथेच राहिलाय की!"

मी माझा ब्रश घेऊन खिशात घातला. घरात माणसं तीन सांगायची असतील तर ब्रशही तीनच दिसायला हवेत, हे आईला कुणी शिकवलं नव्हतं. टोमे गावातल्या आमच्या चढावर ते कुणालाच शिकवावं लागत नाही. शेजारच्या एल्बाने नवऱ्याला सरकारी कागदावरून काढलं, तेव्हा त्याचे बूट, दाढीचं सामान आणि फुटबॉल क्लबचा झेंडा आठवडाभर आमच्या पलंगाखाली होता. आज माझी गादी तिच्याकडे गेली होती.

गादी पोचवून माझा भाऊ निबाल्दो परत आला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"एका फेरीत आटपलं बघ," तो म्हणाला. "चौदा वर्षं झाली डिग्री घेऊन, मला वाटलं दोन फेऱ्या तरी होतील."

"पुस्तकं राहिलीत, दादा."

"राहू देत. पुस्तकांचं उत्पन्न कोण धरतंय?"

नगरपालिकेची बाई पाच वाजता घर बघायला येणार होती. सरकार घरांना दहा पायऱ्यांवर बसवतं. खालच्या सहा पायऱ्यांवरच्या घरातलं पोर विद्यापीठात फुकट शिकतं, सातवीवरच्याने कर्ज काढायचं. आमचं घर सातवीवर होतं, आणि ते तिथे माझ्यामुळे चढून बसलं होतं.

सात वर्षांपूर्वी मी कॉन्सेप्सिओन शहरातली खोली सोडून आईकडे परत आले. खोलीचं भाडं आणि शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता एका मिळकतीत मावेनात. तेव्हा घराच्या उत्पन्नाचा कागद मीच भरला. चढावरचे लोक हा कागद भरताना उत्पन्न निम्मं सांगतात आणि नवरा परगावी गेला म्हणतात. मी पडले समाजशास्त्राची पदवीधर. दारोदार फिरून लोकांचं उत्पन्न विचारणं हा माझा धंदा, आणि आकडे खरे असावेत असं मला तेव्हा मनापासून वाटायचं. मला कायमची नोकरी नाही, कामापुरती पावती देऊन पैसे घेते; त्या पावतीवर जेवढं असतं तेवढं, कर कापायच्या आधीचं, सगळं मी लिहिलं. शिक्षणाच्या रकान्यात 'विद्यापीठ, पूर्ण' असंही लिहिलं. एल्बा अजून त्यावरून हसते. "अगं, अशी चूक फक्त शिकलेलीच करू शकते," असं ती म्हणते, आणि तिचं चुकत नाही.

निबाल्दो शेअर टॅक्सी चालवतो. त्याची मुलगी रायेन अठरा वर्षांची. रायेनची आई उत्तरेला इकिकेला गेली ती तिकडचीच झाली, वर्षातून एकदा फोन करते. जानेवारीत रायेनला विद्यापीठात जागा मिळाली. विषय समाजशास्त्र.

"आणखी एक?" निबाल्दो म्हणाला होता. "घरात एक आहे ती काय कमी पडली?"

आदल्या वर्षी सुट्टीत रायेन माझ्याबरोबर नकाशा धरून हिंडली होती. लोक दार उघडून आधी नाही म्हणतात आणि मग तासभर बोलत बसतात, ते तिला फार आवडलं. तिने माझाच विषय घेतला, याचा मला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही. वाईटही वाटलं नाही. बऱ्याच वर्षांपासून मला बातम्या नुसत्या कळतात.

दोन दिवसांनी सातव्या पायरीचं पत्र आलं. त्या संध्याकाळी ओन्सेला आम्ही दोघीच होतो. चहा, पाव, ठेचलेला आव्होकाडो. रायेनने मोबाइल माझ्यापुढे धरला.

"आत्या, इथे तर तुझ्या दीडपट पगार दाखवतायत. समाजशास्त्र झाल्यावर."

"ती सरासरी आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे कुणाला तरी माझ्या तिप्पट मिळतो."

मग मी पावाच्या कागदी पिशवीवर तिला सगळं मांडून दाखवलं. पाच वर्षांसाठी मी नव्वद लाख पेसो घेतले. चौदा वर्षांत काही भरले, काही थकवले. आज एक कोटी तीस लाख बाकी आहेत.

"भरूनसुद्धा वाढले?"

"त्याला व्याज आहे, आणि वर ते महागाईला बांधलंय. पाव महागला की माझं कर्जही महागतं."

एका घराची मुलाखत पूर्ण झाली की मला चौदा हजार मिळतात. एका मुलाखतीसाठी सहा दारं वाजवावी लागतात. बरा महिना असेल तर सहा लाख होतात, जानेवारी-फेब्रुवारीच्या उन्हाळ्यात दोन महिने कामच नसतं. करातून मे महिन्यात जे परत यायला हवं ते माझ्यापर्यंत पोचत नाही, वाटेतच कर्जाकडे वळवतात. मी हे सगळं तिला दुसऱ्याच कुणाच्या घराबद्दल सांगावं तसं सांगितलं. "आता फी वाढलीय," मी म्हटलं. "तुझे पाच वर्षांचे दोन कोटी होतील."

रायेन पिशवीकडे बघत राहिली. "आत्या, खरं सांग. परत घेतलं असतंस हे शिक्षण?"

"एक म्हणजे अजिबात नाही, सात म्हणजे नक्की?"

"मी काय तुझी मुलाखतवाली बाई आहे? बरं, सांग तसं."

"चार."

"चार म्हणजे काठावर पास," ती म्हणाली. आमच्या शाळांत गुण सातपैकीच देतात. "मग मी जाणार. पण कर्ज काढून नाही. कर्जच काढायचं असेल तर मी सुपरमार्केटात गल्ल्यावर बसते. तिथल्या बाईने ये म्हटलंय."

ते ती रागाने बोलली नाही. मला तेच बोचलं, कारण तिच्या वयाची असताना मी यापेक्षा लहान गोष्टींवर ताटं आपटत असे. पोरगी खरंच गल्ल्यावर जाऊन बसेल हे मला तेव्हाच कळलं.

मला कागदावरून काढायची कल्पना निबाल्दोची. तो पंधरा दिवस ती मनात घोळवत असावा, कारण बोलताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

"पोरीला घराबाहेर काढायचं?" आई म्हणाली.

"घराबाहेर नाही गं आई. कागदाबाहेर. दोन दिवसांचा प्रश्न आहे."

मी म्हटलं, "चालेल." आकडे जुळत होते. त्यापलीकडे मला काही वाटलं नाही, आणि तेव्हा मला स्वतःचीच थोडी भीती वाटली.

नगरपालिकेची बाई पाचला येणार होती ती साडेचारलाच आली. तोवर मी एल्बाकडे जायला हवं होतं, पण आईने उमितांचा घाट घातला होता. कोवळा मका किसून झाला होता आणि पानांत भरून बांधायला चार हात लागत होते. दारावर टकटक झाली तेव्हा माझे हात कोपरापर्यंत मक्याने माखलेले होते.

बाई तरुण होती, तिशीचीही नसेल. गळ्यात ओळखपत्र, पायांत झिजलेले बूट. तिने नाव सांगितलं, मारिसेल. मग ती माझ्याकडे बघून हसली.

"ही माझी मुलगी," आई घाईने म्हणाली. "पेन्कोला असते. उमिता करायच्या होत्या म्हणून आली आजच्यापुरती."

"वा! पेन्कोत कुठे?"

मी स्टेशनमागच्या एका गल्लीचं नाव सांगितलं. डिसेंबरात मी तिथली अकरा घरं केली होती, त्यामुळे घर क्रमांकासकट सांगता आलं.

मारिसेलने प्रश्न नीट, क्रमाने विचारले. आधी छप्पर, मग पाणी, मग खोल्या, आणि माणूस जरा सैलावला की मग पैसे. मीही असंच करते. ती चांगली शिकली होती. मी मान खाली घालून उमिता बांधत राहिले. मध्येच सुतळी संपली, म्हणून चुलीशेजारचा खालचा ड्रॉवर ओढून दुसरं रीळ काढलं.

"या खोलीत कोण?" मारिसेलने विचारलं.

"माझी खोली," रायेन म्हणाली.

"एवढी पुस्तकं?"

"तिला समाजशास्त्र घ्यायचंय ना," निबाल्दो मध्ये पडला. "आत्तापासून तयारी चाललीय."

"काही पुस्तकं तर हिच्या वयापेक्षा जुनी आहेत."

"जुनी स्वस्त मिळतात," तो म्हणाला, आणि कपाळ पुसलं.

मारिसेल खुर्चीवर बसली आणि कागद मांडीवर घेऊन रायेनकडे वळली. अर्ज तिच्या नावाचा होता. "आता हे तू सांगायचंस. या घरात कायम कोण कोण राहतं?"

"मी, बाबा आणि आजी."

"आत्या?"

रायेन माझ्याकडे बघत होती. तिचे कान लाल झाले होते. लहानपणी ताप चढला की व्हायचे तसेच. मी तिला नजरेनेच म्हटलं, बोल.

"आत्या इथे राहत नाही," ती म्हणाली.

"जेवायला?"

"जेवायला पण नाही. कधीतरी येते. पाहुणी म्हणून."

मारिसेलने लिहिलं. खोटं बोलणारी माणसं मी रोज बघते. ती एकतर फार बोलतात किंवा उठून किटली ठेवतात. आई उठली आणि तिने किटली ठेवली.

कागदावर सह्या झाल्या. मारिसेल उठताना मला म्हणाली, "तुम्हीही निघालाच असाल ना? पेन्कोची बस नंतर फार गच्च होते. मीही त्याच बसने जातेय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी हात धुतले, पर्स उचलली. आईने उकळत्या पाण्यातून पहिल्या सहा उमिता काढल्या, फडक्यात बांधून माझ्या हातात दिल्या. दारापर्यंत आली. लेक माहेरी येऊन सासरी परत निघाली की आया जे म्हणतात तेच ती म्हणाली.

"सांभाळून जा. अधूनमधून येत जा गं."

मारिसेल ऐकत होती म्हणून ती तसं म्हणाली, हे मला माहीत होतं. तरी चढ उतरेपर्यंत मी मागे बघितलं नाही.

बसमध्ये आम्हाला शेजारी शेजारी जागा मिळाली. समुद्र उजवीकडे होता, ऊन अजून कडक होतं.

"तुमचं शिक्षण?" तिने विचारलं.

"समाजशास्त्र."

"मी समाजकार्य. किती राहिलेत?"

आमच्या पिढीत एवढंच विचारतात. काय राहिलेत हे सांगावं लागत नाही.

"एक कोटी तीस."

"माझे ऐंशी लाख. पण मी तुमच्याहून लहान आहे, गाठेन तुम्हाला," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी जरा हसलो. मी फडकं सोडून तिला एक उमिता दिली. तिने ती बोटं भाजत खाल्ली. दुपारी तिचं जेवण झालेलं दिसत नव्हतं.

लिर्केन, तिचा थांबा, जवळ आलं तशी तिने हात पुसले.

"मी तीन लिहिलेत," ती म्हणाली.

मी फडक्याची गाठ पुन्हा बांधली.

"ताई, पाहुणीला सुतळी कुठे आहे ते विचारावं लागतं. तुम्ही न बघता ड्रॉवर उघडलात."

आता नाकारण्यात अर्थ नव्हता. "मग तीन का लिहिलेत?"

"अर्जदार सांगते ते लिहायचं. तिने तीन सांगितले." ती खिडकीबाहेर बघत बोलत होती. "पण तुम्ही खरंच निघा. दोन दिवसांसाठी नाही. मलाही पावतीवरच ठेवलंय, पुढच्या वर्षी मी असेन की नाही कुणास ठाऊक. दुसरी कुणी आली तर ती शेजारी जाऊन विचारेल. पोरगी शिकतेय तोवर दर वर्षी कागद तपासला जातो."

"म्हणजे पाच वर्षं."

"नापास झाली नाही तर."

ती लिर्केनला उतरली. उतरताना "उमिता छान होत्या, आईंना सांगा" म्हणाली, मग आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं असावं, कारण तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गर्दीत खाली गेली.

मी पेन्कोपर्यंत गेले. तिकीट तिथपर्यंतचंच होतं. चौकातल्या बाकावर बसून मी दोन उमिता खाल्ल्या आणि हिशेब केला. पेन्कोत खोलीचं भाडं एक लाख तीस हजार, हे मला डिसेंबरातल्या मुलाखतींतून पाठ होतं. पाच वर्षांचे अठ्ठ्याहत्तर लाख. रायेनचं कर्ज दोन कोटी. मला बाहेर काढणं निम्म्याहून स्वस्त पडत होतं. एवढा स्वच्छ हिशेब मी चौदा वर्षांत कुणाच्या घरात केला नव्हता. भाडं भरायचं तर माझा हप्ता थांबणार होता आणि माझं कर्ज फुगणार होतं. ते तसंही फुगतच होतं.

त्या रात्री कॉन्सेप्सिओनच्या एका मैत्रिणीकडे झोपले. सोमवारी पेन्कोत खोली घेतली. निबाल्दो टॅक्सीच्या टपावर गादी बांधून आला.

"दोनच दिवस म्हणालो होतो मी," तो दारात उभा राहून म्हणाला.

"माहीतेय, दादा."

"आई घरात बोलत नाहीये माझ्याशी."

"बोलेल."

तो खोलीत आला नाही. आत दोन माणसं उभी राहण्याइतकी जागा होती, पण आला नाही. खाली टॅक्सीत बसून त्याने बराच वेळ इंजिन चालू केलं नाही, ते मी खिडकीतून बघितलं.

मार्चमध्ये रायेनचा निकाल आला. सहावी पायरी. फी शून्य. तिने मला फोन केला आणि दोन मिनिटं नुसती रडली. मी "छान झालं" म्हटलं. मग पुन्हा म्हटलं, कारण पहिल्यांदा ते मलाच नीट ऐकू आलं नव्हतं.

त्यानंतर चार आठवडे आमची भेट झाली नाही. भेटायचं नाही असं कुणी ठरवलं नव्हतं. पण चढावर लोक बोलतात, आई भित्री, आणि फोनवर प्रत्येक जण म्हणायचा, "जरा थांब, सगळं नीट लागू दे." मी थांबले. मला कॉन्सेप्सिओनमध्ये काम मिळालं होतं, विद्यापीठाजवळच्या वस्तीत ऐंशी घरं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तिथल्या एका कोपऱ्यावर मेचोन पोरांचा घोळका समोर आला. मेचोन म्हणजे पहिल्या वर्षाला आलेले; सीनियर त्यांचं असंच स्वागत करतात. अंगावरचे कपडे कात्रीने फाडायचे, डोक्यावर पीठ, अंडी, मासळीचं पाणी ओतायचं, बूट आणि दप्तर काढून घ्यायचं, आणि ते सोडवायला रस्त्यावर भीक मागायला पाठवायचं. लोक नाकाला रुमाल लावून हसत नाणी देत होते.

"ताई, एक नाणं द्या ना, बूट सोडवायचेत," असं म्हणत एक पोरगी माझ्यासमोर आली आणि थबकली. पिठामागून फक्त डोळे दिसत होते. "आत्या?"

तिला मासळीचा भयंकर वास येत होता. पाय अनवाणी, एका अंगठ्यातून रक्त आलेलं. मी वाकून बघायला लागले तर तिने पाय मागे घेतला.

"काही नाही गं, काच होती. तू इथे कशी? किती बारीक झालीयेस."

"किती मागितलेत त्यांनी?"

"दहा हजार. सहा झालेत." तिने मूठ उघडून दाखवली. मग एकदम म्हणाली, "आत्या, घरी येत जा ना. रविवारी तरी. आजी अजून चौघांचेच पाव भाजते."

मी पाकीट उघडलं. दुपारच्या जेवणाचे पाच हजार होते, ते पुढे केले.

"नाही, नको," ती मागे सरली. "घरच्यांचे पैसे चालत नाहीत. नियम आहे. सगळ्यांनी अनोळखी लोकांकडूनच आणायचेत."

"मग चालतील," मी म्हटलं. "मी घरात नाही."

मी ते सहज बोलले. टोमणा मारायचा माझ्या मनातही नव्हता. रायेन हसली नाही. पिठाने माखलेला तिचा चेहरा तसाच राहिला आणि हात मात्र पुढे आला. मी नोट त्या हातावर ठेवली.

"उरलेले परत आणते," ती म्हणाली.

"राहू देत."

पलीकडून कुणीतरी तिचं नाव घेऊन ओरडलं. ती रस्ता ओलांडून गेली, काच लागलेला पाय जरा उचलून टाकत. मी यादी काढली. पुढचं घर बावीस नंबरचं होतं. मी दार वाजवलं आणि आतून कुणी येईपर्यंत पायरीवर उभी राहिले.